पात्रांचें बारसें



घरांत मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं पाळणा बांधावयाचा, "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या" म्हणावयाचें आणि आत्याबाईंनीं बाळाच्या कानांत त्याचें नांव सांगावयाचें, ही आपली रीत आहे. त्या एका नांवासाठीं पंचांग उघडलें जातें, वारलेल्या आजोबांची आठवण निघते, प्रसंगीं दोन घरांत थोडे रुसवेफुगवेहि होतात. परंतु कथाकादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशीं दहावीस बारशीं एकट्यानें करावीं लागतात. आणि त्याचीं हीं मुलें जन्मतःच कोणी साठ वर्षांचीं, कोणी विधवा, कोणी सावकार, तर कोणी चोर असतात! त्यांचीं नांवें कशीं ठेवावींत हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. मलाहि तो तसाच वाटत असे. पुढें माझ्या हातून या बाबतींत एक चूक घडली, आणि तेव्हांपासून गोष्ट वाचतांना मी नांवांकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. ती चूक मी शेवटीं सांगणार आहें. तत्पूर्वीं आपल्या वाङ्मयानें हीं बारशीं आजवर कसकशीं केलीं तें पाहूं.

या कामीं आपले पूर्वज मोठे पद्धतशीर होते. भरताच्या नाट्यशास्त्रांत पात्रांच्या नांवांचे नियमच घालून दिलेले आहेत. ब्राह्मणाच्या नांवाच्या शेवटीं 'शर्मा', क्षत्रियाच्या शेवटीं 'वर्मा', व्यापाऱ्याच्या शेवटीं 'दत्त' असावें; गणिकेचें नांव 'दत्ता', 'मित्रा' किंवा 'सेना' यांवर संपावें; दासींना फुलांचीं नांवें द्यावींत; चाकरांचीं नांवें मंगल अर्थाचीं असावींत; आणि थोर पात्रांचीं नांवें गंभीर अर्थाचीं असून त्यांच्या कृतींशीं जुळावींत. 'मृच्छकटिका'ची नायिका वसंतसेना. नांवांतील 'सेना' कानीं पडतांच ती कोण हें त्या काळच्या प्रेक्षकाला निराळें सांगावें लागत नसे. नायक चारुदत्त जन्मानें ब्राह्मण, परंतु घराणें व्यापारी तांडे नेणाऱ्यांचें, आणि नांवाच्या शेवटीं 'दत्त' आहेच. पशुपक्ष्यांनाहि हाच न्याय लागे. 'पंचतंत्रां'तील कांसवाचें नांव मंथरक, म्हणजे मंद चालणारा. कबुतरांच्या राजाचें नांव चित्रग्रीव, म्हणजे रंगीबेरंगी मानेचा. नांव म्हणजे पात्राच्या कपाळीं लावलेली चिठ्ठीच. चाकरांचीं नांवें मंगल असावींत हा जो भरताचा नियम, तो मात्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. मला त्याच्याशीं पुढें काम आहे.

आतां मराठी कादंबरीकडे वळूं. तिचा जन्म १८५७ सालचा. बाबा पदमनजी यांनीं 'यमुनापर्यटन' लिहून हिंदु विधवांची दुःस्थिति वर्णन केली. नायिकेचें नांव यमुना. या नांवांत विशेष असें कांहीं दिसत नाहीं, आणि तोच त्याचा विशेष होय. नक्षत्राचें, वृक्षाचें किंवा नदीचें नांव असलेली कन्या वरूं नये, असें मनुस्मृतींत सांगितलेलें आहे. महाराष्ट्रानें तें कधीं फारसें मनावर घेतलें नाहीं. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, सरस्वती. जुन्या काळच्या वाड्यांत एखादी तरी नदी वाहत असावयाचीच. पदमनजींनीं आपल्या नायिकेला घरोघरीं ऐकूं येणारें नांव दिलें, कारण त्यांना घरोघरींचीच गोष्ट सांगावयाची होती.

परंतु ही वाट लगेच कोणी धरली नाहीं. १८६१ सालीं लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, पुढें त्यांचीच 'रत्नप्रभा' आली, आणि १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. हीं नांवें कोणाच्याहि घरांत हांक मारण्याचीं नव्हेत. "मुक्तामाले, विहिरीवरून घागर आण," असें एकदां मोठ्यानें म्हणून पाहावें, म्हणजे माझें म्हणणें पटेल! पुढच्या टीकाकारांनीं या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना पुष्कळ हंसून घेतलें. मला मात्र त्या नांवांमागें एक अडचण दिसते. त्या कादंबऱ्यांतील नायिका वयांत आलेली, आणि आपल्या मनाप्रमाणें प्रेम करणारी. त्या काळच्या खऱ्या यमूचें किंवा गोदूचें लग्न आठव्या-नवव्या वर्षींच होऊन जात असे. ती प्रेमांत पडणार केव्हां आणि कोणाच्या? जें आयुष्य घरांत कोणालाच मिळत नव्हतें, त्यासाठीं घरांत न मिळणारेंच नांव शोधणें लेखकाला भाग होतें. मुक्तामाला हें नांव खोटें खरें, पण तो खोटेपणा त्या समाजाविषयीं एक खरी गोष्ट सांगून जातो.

स्थळांच्या नांवांचीहि अशीच कथा आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघाली. मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा मान आहे. 'मोचन' म्हणजे सुटका. गड कल्पित, पण नांव ऐकून तो सह्याद्रीच्या एखाद्या सोंडेवर असलाच पाहिजे असें वाटतें. याचें कारण शिवछत्रपतींनीं आपल्या कानांना लावलेली संवय होय. तोरण्याचा त्यांनीं प्रचंडगड केला, खेळण्याचा विशाळगड केला, रोहिड्याचा विचित्रगड केला. संस्कृत विशेषण घेऊन त्याला 'गड' जोडावयाचा, ही राज्यकर्त्याची रीत कादंबरीकाराला आयतीच सांपडली. शत्रूलाहि नांवाचें सामर्थ्य ठाऊक होतें. १७०० सालीं सातारचा किल्ला औरंगजेबाच्या हातीं पडला तेव्हां त्यानें आपल्या पुत्राच्या नांवावरून त्याला 'आजमतारा' म्हटलें. आज आपण त्याला अजिंक्यतारा म्हणतों. हरिभाऊ आपट्यांनीं 'उषःकाला'साठीं जो किल्ला कल्पिला त्याचें नांव सुलतानगड. मराठी गड, आणि त्याच्या कपाळीं सुलतान! स्वराज्यापूर्वींची सगळी परिस्थिति त्या एका नांवांत सामावली आहे.

हरिभाऊंचें नांव निघालें म्हणजे 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीजवळ थांबावेंच लागतें. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' पत्र सुरू केलें आणि त्यांतून ही कथा क्रमाक्रमानें वाचकांपुढें आली. हिची नायिका यमू. 'यमुनापर्यटना'नंतर तीसपस्तीस वर्षांनीं तीच नदी पुन्हा मराठी कादंबरींत अवतरली. फरक एवढाच कीं, आतां ती पुस्तकी यमुना न राहतां घरांतली यमू झाली. आणि या कादंबरींतील ज्याच्या नांवाचा त्या काळच्या वाचकांना संताप येई तो गृहस्थ कोण? शंकरमामंजी! हें नांव मला फार मोलाचें वाटतें. 'मामंजी' हा शब्द सासऱ्याला व त्याच्या बरोबरीच्या वडीलधाऱ्यांना उद्देशून सून वापरते. म्हणजे दुष्ट माणसाचें नांव घेतांनासुद्धां त्या मुलीला मान झुकवावी लागते. 'शंकरराव' म्हटलें असतें तर तो केवळ एक खल पुरुष झाला असता. 'शंकरमामंजी' म्हटल्यानें तो सबंध घराचा जाच झाला. नवऱ्याचें नांव उखाण्याखेरीज उच्चारावयाचें नाहीं, स्वतःचें माहेरचें नांव लग्नांत पुसलें जावयाचें, अशा काळांत स्त्रीच्या तोंडून गोष्ट सांगावयाची म्हणजे नांवांचा केवढा विचार लेखकाला करावा लागला असेल!

रंगभूमीवरील नांवांची तऱ्हा थोडी निराळी. नाटकांत पात्र पडद्याआडून येतें आणि दोन वाक्यांत त्याची ओळख पटावी लागते. म्हणून भरताची चिठ्ठी तेथें पुष्कळ दिवस टिकली. गोविंद बल्लाळ देवलांचें 'शारदा' नाटक १८९९ सालचें. पोटची मुलगी पैशासाठीं विकणारा बाप कांचनभट, आणि तिला वरूं पाहणारा म्हातारा भुजंगनाथ. एकाच्या नांवांत सोनें, दुसऱ्याच्या नांवांत सर्प. येथें एक गैरसमज दूर करतों. १९२९ सालच्या बालविवाहप्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणत, आणि तो या नाटकावरून आला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें नांव तो कायदा मांडणारे हरबिलास सारडा यांच्यावरून पडलें. कल्पितांतील मुलगी आणि कायदेमंडळांतील गृहस्थ यांच्या नांवांचा हा योगायोग इतका नेमका जुळला, कीं लोकांनीं तो योगायोग मानण्याचेंच नाकारलें.

त्याच देवलांचें 'संशयकल्लोळ' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. मूळ कल्पना मोलिएर या फ्रेंच नाटककाराची, इंग्रजीमार्गें आलेली. परक्या देशाच्या पात्रांना मराठी घरांत आणतांना देवलांनीं गंमत केली. त्यांनीं महिने आणि नक्षत्रें घेतलीं! संशयी नवरा फाल्गुनराव, त्याची बायको कृत्तिका, आश्विनशेठ, रेवती, आणि गडी भादव्या. सगळें पंचांगच संशयानें घेरलेलें. या नांवांमुळें कोणत्याहि जातीच्या, कोणत्याहि गांवच्या माणसाला "हें माझ्यावर लिहिलें" असें म्हणतां येत नाहीं, आणि हंसणें निर्मळ राहतें. शेक्सपीअरचीं रूपांतरें करणाऱ्यांनींहि असेंच चातुर्य दाखविलें. देवलांनीं ऑथेल्लोचा झुंझारराव केला. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनीं कजाग नायिकेला रामायणांतील राक्षसीचें नांव देऊन नाटकाचेंहि नांव 'त्राटिका' ठेवलें.

परंतु गडकऱ्यांनीं ठेवलेल्या दोन नांवांचें भाग्य सर्वांहून विलक्षण आहे. 'प्रेमसंन्यासां'तील गोकुळ हा विसराळू. आणि 'एकच प्याला' या १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकांतील तळीराम हा दारुड्या. आज ज्यांनीं तें नाटक वाचलेलें नाहीं, पाहिलेलें नाहीं, तेहि विसराळू माणसाला 'विसरभोळा गोकुळ' म्हणतात, आणि पोलिसांनीं मद्यपी पकडले कीं वर्तमानपत्रांत 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा येतो. विशेषनामाचें सामान्यनाम झालें, असें आम्ही व्याकरणाच्या तासाला शिकवीत असूं. लेखकाला याहून मोठें यश नाहीं. पण त्याची दुसरी बाजूहि आहे: ज्या घरीं गोकुळ नांवाचा मुलगा असेल, त्यानें एखादे दिवशीं वही घरीं विसरली तर वर्गांत काय होत असेल?

श्रोत्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. सुधाकर, सिंधु, रामलाल, तळीराम, फाल्गुनराव. यांपैकीं कोणाचेंहि आडनांव आपल्याला आठवत नाहीं. हा विसर आपला नव्हे, ती नाटककारांची सावधगिरी असावी असें मला वाटतें. आपल्याकडे आडनांव म्हणजे केवळ ओळख नव्हे. तें उच्चारलें कीं माणसाची जात, पोटजात, प्रांत, कधीं कधीं मूळ गांवसुद्धां ऐकणारा मनांतल्या मनांत ठरवून मोकळा होतो. मग पात्राच्या अंगचा दोष त्याचा एकट्याचा राहत नाहीं, तो त्याच्या सगळ्या जातीच्या माथीं बसतो. म्हणून वामन मल्हार जोशी यांनीं आपल्या कादंबरीचें नांवच 'इंदु काळे व सरला भोळे' असें ठेवलें, तेव्हां तें धीट पाऊल होतें. या जोडींत यमक तर आहेच. शिवाय 'काळे' हें आडनांव एकाच जातींत नाहीं, अनेक जातींत सांपडतें. चिंतामण विनायक जोश्यांनीं निराळीच युक्ति केली. त्यांचे चिमणराव, बायको काऊ, आणि मुलें मोरू, राघू व मैना. चिमणी, कावळा, मोर, पोपट आणि मैना! सगळें घरटें एका झाडावर आणून बसविलें, आणि तरी प्रत्येक नांव आपल्या आळींतलेंच वाटतें. किती वर्षें मी तीं पुस्तकें मुलांना वाचून दाखविलीं, पण हें पक्ष्यांचें कुटुंब माझ्या ध्यानांत आणून दिलें तें वर्गांतल्या एका लहान मुलीनें.

खेड्यांचीं नांवें ठेवण्याची कलाहि पुढें फार सुधारली. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. तींतील तरुण मास्तर धनगरांच्या वाडींतील शाळेवर जातो. आटपाडीकडील लेंगरवाडी ही तिच्यामागची खरी वाडी. लेखकानें एकच शब्द बदलला, पण बदलतांना धनगरांत आढळणारेंच नांव घेतलें. त्यामुळें माणदेशच्या मातींतून ती वाडी उपटल्यासारखी वाटत नाहीं. उलट श्री. ना. पेंडशांनीं 'तुंबाडचे खोत' लिहितांना जगबुडीकांठच्या खऱ्या तुंबाड गांवाचेंच नांव ठेवलें. कोणती रीत बरी? माझ्या मतें दोन्ही बऱ्या. खरें नांव ठेवणाऱ्याला भूगोलाशीं इमान राखावें लागतें. नांव बदलणाऱ्याला भाषेशीं.

आतां माझ्या चुकीकडे येतों.

एका तालुक्याच्या गांवीं मी शिक्षक असतांना शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं मीं एक छोटें प्रहसन लिहिलें. त्यांत एक बावळट गडी होता. मालकानें पाट मांड म्हटलें तर हा खाट मांडी. गडी म्हटला कीं गण्या, राम्या, धोंड्या, अशीच नांवें आमच्या पिढीच्या लेखणींतून उतरत. मीं क्षणभरहि विचार न करतां 'धोंड्या' लिहून टाकलें. प्रयोग उत्तम झाला. पालक पोट धरून हंसले, आणि मीहि पडद्याआड उभा राहून स्वतःवर खूष झालों.

आमच्या सहावीच्या वर्गांत त्याच नांवाचा एक मुलगा होता. अभ्यासांत बरा, गणितांत तर चांगलाच. दुसऱ्या दिवसापासून मुलें त्याला "धोंड्या, पाट मांड!" म्हणूं लागलीं. पहिले दोन दिवस तोहि त्यांच्याबरोबर हंसला. मग हंसेनासा झाला. तिसऱ्या आठवड्यांत हजेरी घेतांना त्याचें नांव वाचलें, तेव्हां वर्गांतून खसखस आली, पण "हजर" आलें नाहीं. चार दिवस वाट पाहून मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई अंगणांत धान्य पाखडीत होती. तिनें मला बसावयास घोंगडी दिली, पाणी दिलें, आणि मग सांगितलें. याच्या आधीं तिचीं दोन मुलें गेलीं होतीं. हा तरी राहावा म्हणून याला धोंडा म्हटलें. म्हणजे दैवाची नजर पडलीच तर तें म्हणेल, हा तर दगड, याला नेऊन काय करावयाचें! हें सांगून झाल्यावर ती अगदीं शांतपणें म्हणाली, "गुरुजी, पोर जगावं म्हणून आम्ही त्याला धोंडा म्हटलं. तुम्ही कशापायी म्हटलंत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दगडू, धोंडू, कचरू हीं नांवें अशींच पडलेलीं असतात, हें मला काय ठाऊक नव्हतें? ज्या महर्षींनीं विधवांसाठीं आणि स्त्रीशिक्षणासाठीं जन्म वेंचला, आणि १९५८ सालीं ज्यांना भारतरत्न मिळालें, त्या अण्णासाहेब कर्व्यांचेंहि नांव धोंडोच होतें; आणि त्यांच्याविषयीं मी वर्गांत धडा शिकवीत असें! पण लिहितांना तें आठवलें नाहीं. कारण माझ्या मनांत गडी म्हणजे हंसण्याचा विषय अशी गांठ बसलेली होती. भरतानें दोन हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास सांगून ठेवलें होतें कीं, चाकराचें नांव मंगल अर्थाचें असावें. आम्ही आधुनिक शिक्षितांनीं मात्र आईनें मृत्यूला चुकविण्यासाठीं ठेवलेलें नांव उचललें आणि तें विदूषकाच्या गळ्यांत बांधलें.

मीं दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर चूक कबूल केली. मुलगा परत आला. वर्ष पुरें झालें, तो पासहि झाला. परंतु पूर्वीं गणिताच्या तासाला सर्वांच्या आधीं वर होणारा त्याचा हात पुन्हा कधीं वर झालेला मीं पाहिला नाहीं.

पुढें पुष्कळ वर्षांनीं दया पवार यांचें १९७८ सालचें 'बलुतं' माझ्या हातीं आलें. त्या आत्मकथनाचा आरंभ दोन माणसांच्या संभाषणानें होतो. एक दया पवार आणि दुसरा दगडू मारुती पवार. आणि दोघेहि एकच. लिहिणारा, शिकलेला, शहरांत राहणारा दया, आणि गांवानें, जातीनें, दारिद्र्यानें घडविलेला दगडू. तें पान वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. नांव हें अंगावरच्या सदऱ्यासारखें सहज काढतां येत नाहीं, हें त्या लेखकाला सोसून कळलें होतें. मला तें दुसऱ्याला दुखवून कळलें.

आज पुष्कळ तरुण मंडळी गोष्टी लिहितात आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या मास्तराला वाचावयास देतात. त्यांना मी साहित्यशास्त्र काय सांगणार! पण एक मास्तरी युक्ति सांगत असतों. गोष्ट पुरी झाली म्हणजे तींतील सगळीं नांवें एका कागदावर हजेरीपटासारखीं उतरून काढावींत आणि मोठ्यानें वाचावींत. दोन नांवें सारखीं वाटत असतील तर तेथेंच कळतें. पात्राच्या वयाशीं, गांवाशीं, काळाशीं न जुळणारें नांव कानाला तेथेंच खटकतें. आणि प्रत्येक नांव वाचल्यावर क्षणभर थांबावें. त्या नांवाचें एखादें मूल समोरच्या बांकावर बसलेलें आहे असें समजावें, आणि त्याला "हजर" म्हणतांना मान खालीं घालावी लागणार नाहीं ना, एवढें स्वतःला विचारावें.

खलपुरुष लिहूं नयेत, मूर्ख लिहूं नयेत, असें माझें म्हणणें नाहीं. कांचनभट आणि तळीराम नसते तर आपलें वाङ्मय दरिद्री झालें असतें. मात्र ज्याला हंसावयाचें त्याच्या दोषाला हंसावें; त्याच्या आईनें कानांत सांगितलेल्या शब्दाला हंसूं नये. कल्पित माणसांचें बारसें करतांना पाळण्याच्या दोरीला आपलाच हात असतो, आणि ऐकणाऱ्यांत खरीं मुलें बसलेलीं असतात.